बोर्ड पास, केबल नापास: घरच्या टेबलापासून ईएमसी लॅबपर्यंत

माझा पहिला बोर्ड ईएमसी लॅबमध्ये १२० मेगाहर्ट्झला सात डेसिबलने नापास झाला, म्हणजे मर्यादेपेक्षा तेवढ्या जास्त लहरी सोडत होता. (ईएमसी म्हणजे उपकरणाने दुसऱ्यांना रेडिओ-त्रास देऊ नये आणि बाहेरच्या त्रासाने स्वतः बिघडू नये हे बघणं.) बोर्ड साधाच होता. एक ईएसपी३२ हे वायफायचं मॉड्यूल, छोटा रंगीत टीएफटी डिस्प्ले, मातीतला ओलावा मोजणारे दोन सेन्सर आणि पॉवरसाठी यूएसबी-सी. चाळीसेक नग ओळखीपाळखीत विकले गेले होते आणि कुणीही कागद मागितला नव्हता. मग जर्मनीतल्या एका मित्राला मुलांच्या कार्यशाळेसाठी पन्नास नग हवे झाले. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "सीईचे कागद आहेत ना रे?" (सीई म्हणजे युरोपचे नियम पाळल्याची खूण.) मी ठोकून दिलं, "मॉड्यूल सर्टिफाइड आहे की!"

या एका वाक्याची किंमत मी पुढे तीन महिने मोजली. लॅबमधल्या इंजिनिअरने यूएसबीची केबल नुसती गुंडाळून टेबलावर ठेवली तर १२० मेगाहर्ट्झचा सुळका अर्ध्याहून खाली आला. बोर्डात काहीच बदललं नव्हतं, बोंब मारत होती ती केबल. हे मला घरीच, फार खर्च न करता, कळू शकलं असतं. खालचा सगळा लेख त्यासाठीच आहे.

आधी ठरवा, विकणार की वापरणार

स्वतःच्या बाल्कनीतल्या झाडांसाठी एखादा बोर्ड केलात तर कुणी दारात येणार नाही. अमेरिकेच्या एफसीसी या रेडिओ-दूरसंचार नियामकाने तर हे नियमातच लिहून ठेवलंय. स्वतःच्या वापरासाठी, किटवरून न जोडलेली आणि विक्रीला न काढलेली पाचपर्यंत उपकरणं मंजुरीशिवाय चालतात, फक्त कुणाच्या रेडिओला त्रास होऊ नये याची काळजी तुमची. सहावा नग केलात किंवा एक जरी विकायला काढलात तर तुम्ही उत्पादक झालात. 'हौस म्हणून विकतो' असा वेगळा वर्ग कुठल्याही नियमात नाही.

'हा डेव्हलपमेंट बोर्ड आहे, पूर्ण उत्पादन नाही' ही पळवाटही तपासून घ्या. एफसीसीत मूल्यमापन किटसाठी सवलत आहे, पण ती उत्पादनं घडवणाऱ्या डेव्हलपरांना दिलेल्या किटसाठी, ठरावीक सूचना छापून. युरोपच्या ईएमसी निर्देशातली सवलत त्याहून अरुंद आहे: व्यावसायिकांसाठी मुद्दाम बनवलेली आणि फक्त संशोधन-विकास केंद्रांत वापरायची किट. शाळकरी मुलांच्या हातात जाणारा बोर्ड यात बसत नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाला याचा अनुभव पहिल्याच महिन्यात आला. २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्री उघडली, ऑर्डरींचा पूर आला आणि मग आरएस आणि फार्नेल या दोन्ही वितरकांनी सांगितलं, सीई चिन्हाशिवाय माल हलणार नाही. साउथ वेल्समध्ये चाचण्या झाल्या, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बोर्ड पास झाला, आणि तेव्हा कुठे पार्सलं निघाली.

मॉड्यूलचं सर्टिफिकेट कुठपर्यंत पुरतं

पत्र्याचं झाकण असलेलं, एफसीसी आयडी छापलेलं मॉड्यूल घेतलंत तर रेडिओ म्हणून त्याची परीक्षा आधीच झालेली असते. ही फार मोठी सोय आहे. तोच नुसता चिप आणि स्वतःचा अँटेना बोर्डावर उतरवलात तर पूर्ण रेडिओ सर्टिफिकेशन तुमच्या गळ्यात. पहिल्या उत्पादनात तरी हा मोह टाळा.

पण मॉड्यूलच्या बाहेर जे काही आहे, म्हणजे डिस्प्लेचा क्लॉक (ठेका देणारा सिग्नल), स्विचिंग रेग्युलेटर (झपाट्याने चालू-बंद होऊन व्होल्टेज बदलणारा भाग), यूएसबी, सेन्सरच्या तारा, त्याची जबाबदारी तुमचीच. एफसीसीच्या भाषेत तो भाग 'अनवधानाने लहरी सोडणारा' ठरतो आणि त्याची क्लास बी, म्हणजे घरगुती उपकरणांची, मर्यादा वेगळी मोजावी लागते. त्यासाठी पुरवठादाराचं स्वयंघोषणापत्र चालतं, मात्र घोषणापत्रावर अमेरिकेत पत्ता असलेला जबाबदार पक्ष लागतो. घरी बसून निर्यात करणाऱ्यांची गाडी नेमकी इथे अडते. मॉड्यूलच्या मंजुरीच्या अटीही वाचा: अँटेना त्याच प्रकारचा, तेवढ्याच किंवा कमी गेनचा हवा आणि बऱ्याच मॉड्यूलांना माणसाच्या अंगापासून २० सेंटिमीटर अंतर ठेवावं लागतं. मनगटावर बांधायच्या उपकरणात तेच मॉड्यूल घातलंत तर तो कागद तिथे कामाचा नाही. आणि उत्पादनाच्या बाहेरच्या बाजूला 'यात अमुक एफसीसी आयडी आहे' असं लिहायला विसरू नका.

युरोपात रेडिओ असलेल्या प्रत्येक वस्तूला रेडिओ उपकरण निर्देश २०१४/५३ लागतो आणि ईएमसी व सुरक्षितता त्याच्याच पोटात येतात. पाच व्होल्टवर चालतं म्हणून सुरक्षिततेतून सुटका, असं रेडिओच्या बाबतीत नाही, तिथे व्होल्टेजची खालची मर्यादाच काढून टाकली आहे. वायफायच्या बोर्डासाठी कामाची मानकं अशी: रेडिओसाठी ईएन ३०० ३२८, ईएमसीसाठी ईएन ३०१ ४८९, सुरक्षिततेसाठी ईएन ६२३६८-१. १ ऑगस्ट २०२५ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या रेडिओ उपकरणांना सायबर सुरक्षेच्या अटीही लागू झाल्या, त्यासाठी ईएन १८०३१. सेटअपच्या पानावर पासवर्ड न ठेवण्याची मुभा दिलीत तर या मानकावर नुसतं बोट ठेवून चालत नाही, अधिसूचित संस्थेकडे, म्हणजे युरोपने मान्यता दिलेल्या तपासणी संस्थेकडे, जावं लागतं. फर्मवेअर, म्हणजे बोर्डातला प्रोग्राम, लिहिणाऱ्याला हे पहिल्या दिवशी सांगा, शेवटच्या नको.

भारतात काय लागतं

आपल्याकडे एफसीसीसारखा, सगळ्या डिजिटल वस्तूंना सरसकट लागणारा ईएमसीचा सक्तीचा नियम नाही. पण तीन दारं आहेत.

पहिलं रेडिओचं. परवानामुक्त पट्ट्यात चालणाऱ्या उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या रेडिओ-लहरींच्या शाखेकडून ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची मंजुरी, लागतं. सरल संचार पोर्टलवर स्वयंघोषणेने ते मिळतं, सोबत मान्यताप्राप्त लॅबचा आरएफ रिपोर्ट जोडायचा. मॉड्यूल घेताना विक्रेत्याकडे त्याच मॉडेलचं ईटीए मागा. दिलं नाही तर दुसरा विक्रेता बघा. आणि पट्टा तपासा. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, हा सोपा. लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी वेगाच्या रेडिओचं मात्र जपून. अमेरिकेसाठीचं ९१५ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल इथल्या बाजारात सर्रास मिळतं, पण आपल्याकडे लोराचा पट्टा ८६५ ते ८६८. ९१५ ला खेटून मोबाइलचा ९०० चा पट्टा आहे. फर्मवेअरमध्ये प्रदेश बदलून काम भागतं असं काही जण समजतात, पण मॉड्यूलवरचं मॅचिंग (अँटेनाशी जुळवणी) ९१५ साठी केलेलं असेल तर रेंज पडते आणि हार्मोनिक्सचा, म्हणजे मूळ वारंवारितेच्या पटींत निघणाऱ्या लहरींचा, भरवसा राहत नाही.

दुसरं दार बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) सक्तीच्या नोंदणीचं. त्यात अॅडॉप्टर, पॉवर बँक, लिथियम सेल अशा ठरलेल्या वस्तू येतात आणि तिथे तपासणी सुरक्षिततेची असते, ईएमसीची नाही. माझा सरळ सल्ला: बोर्डासोबत अॅडॉप्टर देऊच नका. द्यायचाच असेल तर 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला, ओळखीच्या ब्रँडचा द्या आणि तो क्रमांक बीआयएसच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. पिशवीतून सुटे मिळणारे चार्जर कितीही स्वस्त असोत, त्यांच्या आतला स्विचिंगचा आवाज तुमच्याच केबलवरून बाहेर पडतो आणि लॅबमध्ये तुमच्याच नावावर नोंदला जातो.

तिसरं दार टीईसीच्या (दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राच्या) सक्तीच्या चाचणीचं, म्हणजे एमटीसीटीईचं. सेन्सर बोर्ड असो, आयओटी गेटवे असो किंवा ट्रॅकर, यादी उघडून बघा.

'चार दिवसांत सर्टिफिकेट, सॅम्पल नको' म्हणणाऱ्या एजंटांचे फोन तुम्हालाही येतील. सॅम्पल न बघता दिलेला कागद म्हणजे दुसऱ्याच्या बोर्डाचा कागद.

घरची तपासणी: क्लॉकची यादी

विकत काही घेण्याआधी एक कागद घ्या आणि बोर्डावरच्या प्रत्येक क्लॉकची वारंवारिता लिहा. माझी यादी अशी होती: मॉड्यूलचा क्रिस्टल ४० मेगाहर्ट्झ, डिस्प्लेला डेटा पाठवणाऱ्या एसपीआय लाइनचा क्लॉक ४०, रेग्युलेटर १.५, प्रोसेसर २४०. प्रत्येकापुढे त्याचे विषम पट मांडा, कारण चौकोनी लहरीत तेच जोरात असतात. ४० चे १२०, २००, २८०. पुढे स्क्रीनवर सुळका दिसला की चोर कोण हे या कागदावरच सापडतं. एफसीसीत कुठपर्यंत मोजायचं हेही यावरूनच ठरतं: सर्वांत वरची वारंवारिता १०८ ते ५०० मेगाहर्ट्झच्या मध्ये असेल तर २ गिगाहर्ट्झपर्यंत.

फेराईटचा चिमटा

आता मुख्य काम. लॅबमध्ये अँटेना तीन मीटरवर असतो, आणि तेवढी मोकळी, शांत जागा आपल्या फ्लॅटमध्ये कुठली! खिडकीतून एफएम केंद्रं आत येतात, शेजारच्या एलईडी दिव्यांचा गोंगाट असतो. म्हणून हवेतल्या लहरी मोजत बसू नका, केबलवरचा करंट मोजा. ३०० मेगाहर्ट्झच्या खाली छोट्या बोर्डाचा बहुतेक त्रास केबलमधूनच बाहेर पडतो.

हिशेब असा. एक मीटर केबल, ५० मेगाहर्ट्झ, आणि तिच्यातल्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने जाणारा, म्हणजे कॉमन-मोड करंट फक्त ५ मायक्रोअँपिअर. वारंवारिता, करंट आणि लांबी हर्ट्झ, अँपिअर, मीटरमध्ये घेऊन गुणा, १.२६ भागिले दहा लाखने गुणा आणि तीन मीटरने भागा. उत्तर येतं सुमारे १०५ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. क्लास बी मर्यादा तिथे १००, म्हणजे ४० डेसिबल-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. पाच मायक्रोअँपिअर! साधा मल्टिमीटर ज्याची दखलही घेणार नाही एवढ्या करंटवर बोर्ड नापास.

हा करंट पकडायला केबलवर बसणारा, मधून उघडणारा फेराईटचा (काळ्या चुंबकीय सिरॅमिकचा) तुकडा घ्या. त्याच्या एका अर्ध्या भागावर इनॅमल तारेचे चार-पाच वेढे द्या आणि टोकं एसएमए कनेक्टरला डकवा. झाला करंट प्रोब. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत फेराईट मागताना 'ईएमआयवालं' असं सांगा, नाहीतर दुकानदार ट्रान्सफॉर्मरचा कोअर हातात ठेवतो.

प्रोब किती दाखवतो हे कळायला नॅनोव्हीएनए, म्हणजे सिग्नल पाठवून तो किती पोचला हे मोजणारं खिशातलं यंत्र, पुरतो. पहिल्या पोर्टची तार फेराईटमधून काढून ५० ओहमच्या टर्मिनेशनला लावा, वेढे दुसऱ्या पोर्टला, आणि एस२१, म्हणजे पहिल्या पोर्टातून दुसऱ्यात किती पोचलं तो आकडा, बघा. उणे २० डेसिबल आलं तर ५० चा दहावा भाग, म्हणजे प्रोबचा ट्रान्सफर इम्पीडन्स (दर अँपिअरला किती व्होल्ट दाखवतो ते) ५ ओहम. मग ५ मायक्रोअँपिअर म्हणजे २५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे २८ डेसिबल-मायक्रोव्होल्ट, आणि ५० ओहमच्या यंत्रासाठी १०७ वजा केले की उणे ७९ डीबीएम, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या पॉवरच्या एककात आपला उंबरठा. हा आकडा टेपवर लिहून प्रोबवरच चिकटवा. एस२१ वारंवारितेप्रमाणे बदलतं, म्हणून ३०, १०० आणि २०० मेगाहर्ट्झला वेगवेगळा आकडा काढून ठेवलेला बरा.

मोजायला टायनीएसए, म्हणजे कुठल्या वारंवारितेला किती सिग्नल आहे हे दाखवणारा छोटा स्पेक्ट्रम अॅनालायझर, चालतो. बँडविड्थ १०० किलोहर्ट्झ ठेवा, लॅबमध्ये १२० असते. बोर्ड पॉवर बँकेवर, केबल टेबलावर सरळ पसरलेली, प्रोब बोर्डाच्या कनेक्टरजवळ. आधी बोर्ड बंद ठेवून एक चित्र साठवा, कारण केबल स्वतःच अँटेना असल्याने एफएमची केंद्रं त्यात दिसणारच. मग बोर्ड चालू करा. फर्मवेअर झोपू देऊ नका: डिस्प्ले सतत रंगत राहावा, वायफायवरून सतत डेटा जावा, सेन्सर वाचत राहावेत.

नापास झाल्यानंतर मी हे सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं तेव्हा १२० मेगाहर्ट्झला उणे ७० दिसलं, म्हणजे सुमारे १४ मायक्रोअँपिअर. उंबरठ्याच्या नऊ डेसिबल वर. लॅबने सात सांगितले होते. घरच्या जुगाडाने दोन डेसिबलचा फरक दाखवला याचं मला आजही कौतुक वाटतं, पण यावर विसंबून रिपोर्ट लिहू नका. घरी उंबरठ्याच्या पाच ते दहा डेसिबल खाली असाल तरच लॅबची वेळ घ्या.

चोर शोधणं आणि दुरुस्ती

करंट केबलवर दिसला, पण उगम कुठे? त्यासाठी बारीक कोअॅक्स केबलचा एक सेंटिमीटरचा वेटोळा करून बोर्डावरून फिरवा. माझ्याकडे वेटोळा डिस्प्लेच्या रिबनवर आला की सुळका उसळायचा. बोर्ड उलटा केला आणि कारण दिसलं. दोन थरांच्या बोर्डात, रिबनच्या कनेक्टरच्या बरोब्बर खाली, पाच व्होल्टचा ट्रॅक न्यायला मी ग्राउंड प्लेन, म्हणजे ग्राउंडचा सलग तांब्याचा थर, चिरला होता. एसपीआय क्लॉकचा परतीचा करंट त्या चिरेला वळसा घालून जात होता, त्या वळशामुळे बोर्डाच्या दोन टोकांच्या ग्राउंडमध्ये फरक पडत होता आणि तो फरक यूएसबीच्या केबलला ढकलत होता.

आधी चिरेवरून तांब्याची पट्टी डकवली: पाच डेसिबल खाली. मग क्लॉकच्या ट्रॅकवर, मॉड्यूलला अगदी खेटून, ३३ ओहमचा रेझिस्टर घातला: आणखी सहा. तो डिस्प्लेच्या बाजूला लावून काही होत नाही, उगमाशीच हवा. शेवटी यूएसबीच्या कनेक्टरचं कवच ग्राउंडला एका बारीक ट्रॅकऐवजी चारही पायांनी थेट जोडलं, आणि उणे ८४ वर येऊन थांबलो. पुढच्या आवृत्तीत चार थर घेतले. चार थरांचा खर्च एका वाया गेलेल्या लॅब-फेरीपेक्षा कमीच पडतो. केबलवर फेराईट लावून पास होणं हा माझ्या मते हरल्याचा कबुलीजबाब आहे, आणि मग ती फेराईटवाली केबल प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यावी लागते.

गॅस लायटर

युरोपात बोर्डाने नुसतं गप्प राहून भागत नाही, बाहेरचा मारही सोसायला लागतो. स्थिर विजेच्या चाचणीत धातूला थेट ४ किलोव्होल्ट आणि हवेतून ८ किलोव्होल्ट मारतात. ती बंदूक महाग. पण शेगडी पेटवायचा खटक्याचा लायटर ठिणगीच काढतो. बोर्ड पॉवर बँकेवर ठेवा, लॅपटॉप पूर्ण सोडवा, आणि बोर्डापासून तीन-चार सेंटिमीटरवर, मग यूएसबीच्या कवचाजवळ वीस-तीस खटके मारा. बोर्ड रीसेट होऊन आपोआप सावरला तर ठीक. डिस्प्ले गोठून बसला आणि केबल काढल्याशिवाय उठलाच नाही, तर वॉचडॉग (अडकलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करणारा टायमर) आणि रीसेटच्या पिनवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर बघा. यूएसबीच्या लाइनवर टीव्हीएस, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज ग्राउंडला वळवणारा, डायोड तर हवाच. या चाचणीत बोर्ड मरू शकतो, म्हणून एकुलता एक नमुना पुढे करू नका.

लॅबमध्ये जाताना

महाराष्ट्रात पर्याय आहेत. 'समीर' ही सरकारी संस्था मुंबईत आहे, अंधेरीच्या एमआयडीसीत ईआरटीएल आहे, पुण्यात एआरएआयकडे ईएमसीची सोय आहे, शिवाय खासगी लॅब. फोनवर पहिला प्रश्न दराचा नको. विचारा, तुम्हाला हवं असलेलं मानक त्यांच्या एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) व्याप्तीत आहे का. नसेल तर रिपोर्ट सुंदर छापून मिळेल, पण समोरचा तो घेईलच असं नाही.

पिशवीत काय असावं: बोर्डाचे तीन नग, सतत चालणारं फर्मवेअर, प्रत्यक्ष देणार ती केबल आणि दोन जादा, क्लॉकची ती यादी, सोल्डरिंग गन, १०, २२, ३३, ४७ ओहमचे रेझिस्टर, तांब्याची टेप, दोन-चार फेराईट. चेंबरचे, म्हणजे मोजणीच्या बंदिस्त खोलीचे, पैसे तासावर असतात, आणि आत गेल्यावर फर्मवेअर कंपाइल करत बसण्यासारखं महाग काम दुसरं नाही. बोर्ड ८० सेंटिमीटर उंच टेबलावर ठेवतात, टेबल फिरतं, अँटेना एक ते चार मीटर वरखाली होतो. आधी पटकन एक फेरी मारतात. त्यात जे सुळके मर्यादेजवळ येतात तेच क्वासी-पीकने (वारंवार येणाऱ्या आवाजाला जास्त वजन देणाऱ्या पद्धतीने) सावकाश मोजले जातात. त्या पहिल्या फेरीतच इंजिनिअरला केबल हलवून बघायला सांगा. बहुतेक जण खुशीने करतात, त्यांनाही रोज तेच तेच मोजून कंटाळा आलेला असतो.

निघण्याआधी रिपोर्टचा मसुदा तिथेच वाचा. मॉडेलचं नाव, फर्मवेअरची आवृत्ती, केबलची लांबी, मानकाचं वर्ष, फोटो. एका लॅबने माझ्या रिपोर्टवर मॉडेलच्या नावातलं एक अक्षर चुकवलं. ते दुरुस्त करून घेण्यात गेलेले दिवस चाचणीला लागलेल्या दिवसांहून जास्त होते.

पास झाल्यावर

युरोपसाठी अनुरूपतेच्या घोषणापत्रावर सही तुमचीच लागते, आणि सर्किट, रिपोर्ट, पार्ट्सची यादी असलेली तांत्रिक फाइल दहा वर्षं जपायची. त्या यादीशी प्रामाणिक राहणं सगळ्यात अवघड जातं. जोडणी करणारा फोन करतो, "हा रेग्युलेटर नाहीये, तसाच दुसरा टाकू का?" तसाच दुसरा म्हणजे दुसरी स्विचिंग वारंवारिता, आणि तुमचा रिपोर्ट ज्या बोर्डाचा आहे तो हा बोर्ड उरत नाही. आधी चिमटा लावा, मग होकार द्या.

मी आता प्रत्येक बॅचमधले पाच नग त्याच फेराईटने मोजतो आणि वहीत आकडा टाकतो. गेल्या बॅचमध्ये चार नग उणे ८३ च्या आसपास होते आणि पाचवा उणे ७७. भिंग लावून पाहिलं तर ३३ ओहमच्या जागी शून्य ओहमचा रेझिस्टर बसला होता. रील बदलताना चुकून लागला असावा. उरलेले पंचेचाळीस नग उघडून बघितले, तेव्हा आणखी अकरा तसेच निघाले.